मिठाच्या पुडीवरची तारीख : सवय सांगून बदलते की सोय करून?

नारायणबागवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. इंदूरच्या आमच्या महिला मंडळाने गेल्या वर्षभरात एक काम हाती घेतलं. आधी ते पार फसलं, मग थोडं जमलं. ते सांगायचं आहे आणि जाणत्या मंडळींना पुढचं विचारायचंही आहे.

विषय मीठ. मंडळात निम्म्याहून जास्त बायका साठीच्या पुढच्या. गेल्या पावसाळ्यात दोन घरांत पक्षाघाताचा झटका आला, त्यातलं एक घर माझ्या दिरांचं. आपल्याला बीपी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी खाणंपिणं विचारलं तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "घरचंच खातात हो, बाहेरचं काही नाही." घरचंच म्हणजे सकाळी पोहे, त्यावर शेव आणि जीरावन मसाला. दोन्ही जेवणांत लोणचं-पापड. संध्याकाळी शेव-परमल (कुरमुरे). आपण माळव्यातली माणसं, शेवेला कोण बाहेरचं म्हणतं?

मग मंडळाने ठरवलं, जागृती करायची. सभागृह घेतलं, डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं, पत्रकं छापली. वीसेक जणी आल्या, त्यातल्या बऱ्याच मंडळाच्याच. व्याख्यान खरंच छान झालं. नंतरच्या अल्पोपहारात पोहे आणि शेवच होती, आणि ते आमच्यापैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. महिन्याभराने मी चार घरी विचारलं, "काही बदललं का?" सगळ्यांना सगळं पाठ होतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, हेसुद्धा एकीने मला सांगितलं. स्वयंपाकात मात्र हात पूर्वीसारखाच पडत होता.

उत्तर मला कचऱ्याच्या गाडीपाशी मिळालं. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या. जन्मभर कोपऱ्यावरच्या पेटीत सगळा कचरा एकत्र टाकत आल्या. आज त्या चहाचा चोथा ओल्यात टाकतात, दुधाची पिशवी विसळून वाळवून सुक्यात ठेवतात आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं निराळी बांधतात. स्वच्छतेवरचं एकही भाषण त्यांनी ऐकलेलं नाही. झालं एवढंच की कोपऱ्यावरची पेटी उचलली गेली, गाडी ठरलेल्या वेळी दाराशी यायला लागली, आणि पहिल्या आठवड्यात गाडीवाल्या मुलाने त्यांचा डबा हातात परत दिला. "अम्मा, ये मिक्स है." ओरडला नाही, पावती फाडली नाही. शेजारच्या तिघी उभ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्याखाली दोन डबे आले. २०१७ मध्ये शहराचा देशात पहिला नंबर आला तेव्हा "आपला आला" असं म्हणत त्यांनी पेढे वाटले. सवय अंगी लागल्यावर अभिमान आला; अभिमानामुळे सवय लागली नाही.

मग मी मंडळात विचारलं, मिठाची गाडी कोणती? दारात काय आणायचं?

संक्रांत जवळ होती. हळदीकुंकवाला यंदा प्लास्टिकचे डबे लुटायचे नाहीत असं ठरलं. वाण म्हणून स्टीलची छोटी वाटी आणि मापाचा चहाचा चमचा दिला. सपाट चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. सकाळी घरातल्या मोठ्या माणसांमागे एक, असं मोजून वाटीत काढायचं आणि दिवसभराचा स्वयंपाक त्यातूनच करायचा. शेव-पापडाचं मीठ निराळं पोटात जातं, म्हणून चार माणसांच्या घराला आम्ही तीनच चमचे सांगितले. पत्रक नाही, भाषण नाही. कुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा, वाटी हातात ठेवायची आणि एकदा मोजून दाखवायचं.

दुसरी गोष्ट आमच्यातल्या एका निवृत्त गणिताच्या बाईंनी सुचवली, ती मला सगळ्यात आवडली. मिठाची नवी पुडी फोडली की त्यावर बॉलपेनाने तारीख घालायची. चार माणसं, दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे किलोची पुडी ५० दिवस पुरायला हवी. तीन चमच्यांचा हिशोब पाळला तर साठ दिवसांच्याही पुढे. लोणच्याचं मीठ वेगळ्या पुडीतून. माझ्या घरी पहिली पुडी ३१ दिवसांत संपली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते दोन गोल पाहून जे वाटलं, ते व्याख्यानात वाटलं नव्हतं.

पण एका शब्दाने आम्हाला अडवलं. अळणी. ताटावर बसून कोणी "आज अळणी झालंय" म्हटलं की तो मिठावरचा शेरा नसतो, करणारीवरचा असतो. वाटी फुकट होती, चमचा फुकट होता, पण या सवयीची खरी किंमत हा शब्द होता आणि ती घरातली सून एकटी मोजत होती. तीन-चार घरांत वाटी याच कारणाने फडताळात गेली. ही किंमत कमी कशी करायची, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न शेवेचा.

---

रामबाग_ते_राजवाडा

ताई, वाचता वाचता उठून पुडी पाहिली. तारीख अर्थातच नाही, पण किराण्याच्या वहीत सापडली. २८ दिवस, माणसं तीन. म्हणजे माणशी जवळपास १२ ग्रॅम आणि वर नमकीन वेगळं. हिशोब दोनदा केला. आज संध्याकाळी आईला दाखवतो.

---

लष्करचे_काका (ग्वाल्हेर)

धागा फार आवडला. माझी तीस वर्षं आरोग्य खात्यात कुटुंबनियोजन आणि लसीकरणात गेली, म्हणून थोडं लांब लिहितो.

तुम्ही जे केलंत त्याला सोशल मार्केटिंग म्हणतात, म्हणजे माल खपवायच्या युक्त्या लोकांच्या भल्याच्या सवयीसाठी वापरणं. हा शब्द १९७१ साली कोटलर आणि झाल्टमन यांच्या लेखाने रूढ झाला, पण काम आपल्या देशात त्याआधीच सुरू झालं होतं. सरकारचा स्वस्त कंडोम 'निरोध' १९६८ चा. त्यापूर्वी कंडोम महाग होता आणि औषधाच्या दुकानात चार माणसांत मागायची लाज होती. कलकत्त्याच्या आयआयएममधल्या मंडळींनी योजना मांडली की ही वस्तू चहा-साबणासारखी खेड्यातल्या दुकानात पोचली पाहिजे. म्हणून ती चहा-साबण विकणाऱ्यांच्याच जाळ्यातून पाठवली. ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्तान लिव्हर, बॅटरीचे सेल विकणारी युनियन कार्बाइड, असे सगळे त्यात होते. किंमत १५ पैशांना तीन. जाहिरात होतीच, पण माझ्या मते निम्मं काम त्या टपरीने केलं. विडीकाडीबरोबर मागता येणारी वस्तू मागायला लाज कमी वाटते. तुमच्या 'अळणी'सारखीच तीही पैशाबाहेरची किंमत होती.

दुसरं उदाहरण बांगलादेशचं. १९८० ते १९९० या काळात ब्रॅक संस्थेच्या बायका घरोघरी गेल्या आणि जुलाब झाल्यावर द्यायचं मीठ-गुळाचं पाणी बनवायला शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटी वीस लाखांहून जास्त घरं. ना पाकीट, ना दुकान. मापं हातातच होती. यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी की शिकवणाऱ्या बाईचा मोबदला किती घरं केली यावर ठरत नसे. काही दिवसांनी दुसरा माणूस जाऊन त्या आईला विचारायचा. तिला किती आठवतं, पाणी नीट बनवता येतं का, त्यावर पैसे. आमच्या खात्यात आम्ही उलट केलं. किती पत्रकं वाटली, किती सभा घेतल्या, तेवढंच वर कळवत राहिलो. मी स्वतः असे अहवाल भरलेत आणि त्याची खंत आहे.

म्हणून विचारतो, तुम्ही काय मोजता? वाटलेली वाणं की टिकलेल्या पुड्या?

---

नारायणबागवाली

काका, तुमचा प्रश्न बरोबर वर्मावर लागला. वाणं मोजली होती, मंडळाच्या अहवालात लिहिलीही. पुड्या मोजायचं गणिताच्या बाईंनी सुचवलं म्हणून झालं. तीसेक घरांनी पुड्यांच्या तारखा कळवायचं कबूल केलं, नियमित कळवतात त्यातली अर्धी. पुढच्या बैठकीत अहवालात फक्त पुड्याच लिहायच्या, हे मांडते.

---

सयाजीबागेजवळ (वडोदरा)

मी डॉक्टर आहे, बडोद्यात प्रॅक्टिस करते. काम सुंदर आहे. पण वाटीबरोबर तीन गोष्टी सांगाच, कारण मीठ कमी करताना होणाऱ्या चुका मी रोज पाहते.

एक, मीठ कमी करा पण आयोडीनचंच घ्या. "नैसर्गिक" म्हणून खडेमीठ किंवा सैंधव आणतात आणि आयोडीन सुटतं. सोडियम मात्र त्यातही असतंच. दोन, कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर त्याचा मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये निष्कर्ष आले. साध्या मिठाच्या तुलनेत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. पण ज्यांची किडनी कमजोर आहे किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. हे मीठ सरसकट वाण म्हणून वाटू नका. डॉक्टरांना विचारूनच. तीन, मीठ कमी झालं म्हणून गोळी बंद करायची नाही. हे वाटीवर कोरून देता आलं तर द्या!

आणि 'मिठाची गाडी' जशी शोधलीत तशी गोळीचीही शोधावी लागते. उच्च रक्तदाबाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांत सुरू झाला, त्यात तुमचं मध्य प्रदेश होतं. त्यातला मला पटलेला भाग साधा आहे. एका वेळी महिनाभराची गोळी द्यायची, आणि ती घराजवळच्या केंद्रात मिळेल असं पाहायचं. चार दिवसांच्या गोळ्यांसाठी रोजगार बुडवून रांगेत उभं राहायला लागलं की माणूस गोळी सोडतो. त्याला आपण "निष्काळजी पेशंट" म्हणतो. मीही म्हणत असे.

---

विजयनगरकर

विरोधी सूर लावतो, राग मानू नका. हे सगळं ओझं पुन्हा घरातल्या बाईच्याच डोक्यावर का? वाटी तिने मोजायची, तारीख तिने लिहायची, बोलणी तिने खायची. शेवेच्या कारखान्यात मीठ ओतणाऱ्याला कोणी वाण देत नाही.

ब्रिटनमध्ये या शतकाच्या सुरुवातीला मोठी मोहीम झाली. जाहिराती केल्या, पण खरा जोर होता पाव, सूप, सॉस बनवणाऱ्यांवर. प्रत्येक पदार्थाला लक्ष्य ठरवून दिलं आणि मीठ थोडं थोडं करत उतरवलं. पाव खाणाऱ्याला कळलंही नाही. साधारण २००१ ते २०११ मध्ये माणशी रोजच्या मिठाची सरासरी ९.५ ग्रॅमवरून ८.१ वर आली. जीभ हळूहळू सरावते हे खरं आहे, पण तो सराव कंपनीने करून दिला तर घरात भांडण होत नाही. आपण सवयीच्या मागे लागतो आणि वस्तू तशीच सोडतो.

---

नारायणबागवाली

राग कसला, हाच तर माझा दुसरा प्रश्न होता. आणि त्यात आम्ही थोडे हातपाय मारले आहेत, ते सांगते.

आमच्या भागात एक शेववाले आहेत, तीन पिढ्यांचं दुकान. मंडळाच्या आम्ही चौघी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "बहनजी, नमक कम करूँगा तो ग्राहक बोलेगा माल फीका है." तरी एक घाणा कमी मिठाचा काढून दिला. काचेच्या बरणीवर चिठ्ठी लावली, 'कम नमक'. तीन दिवस बरणी तशीच. जो येई तो चिठ्ठी वाचे आणि शेजारची घेई. एक आजोबा तर म्हणाले, "ये बीमारों वाली है."

दुसऱ्या वेळी त्यांनी आपणहून घाण्यात लसूण आणि ओवा वाढवला, मिरी थोडी जास्त घातली, मीठ तेवढंच कमी ठेवलं. चिठ्ठीवर फक्त 'लसूण-ओवा'. शनिवारी संध्याकाळपर्यंत बरणी रिकामी. आता तो घाणा दर आठवड्याला निघतो. त्यांच्या मुलाने मला हळूच सांगितलं की मसाल्याच्या शेवेतही त्यांनी थोडं मीठ उतरवलंय, कुणाला न सांगता. एकही तक्रार नाही.

त्या बरणीपाशी उभं राहून मला कळलं की आम्ही आजार विकायला निघालो होतो. तो कोण घेणार?

---

स्नेहनगरची_शिक्षिका

ताई, अगदी अशीच एक गोष्ट. आंध्रच्या चित्तूर जिल्ह्यातल्या १४ खेड्यांत साबणाने हात धुण्याची मोहीम झाली होती, सुपरअम्मा नावाची. २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. त्यात जंतू, जुलाब, रोग यातलं काहीच मुख्य नव्हतं. एक आई होती, मुलाला वळण लावणारी, त्याला मोठा माणूस झालेला बघणारी. आणि एक गबाळा लाडूवाला होता, घाणेरड्या हातांनी लाडू वळणारा. मुलं त्याला बघून "ईऽऽ" करायची. आईची माया आणि किळस, बास. सहा महिन्यांनी मोहिमेच्या गावांत गरजेच्या वेळी साबणाने हात धुण्याचं प्रमाण ३७ टक्के, बाकी गावांत ६ टक्के.

मी चौथीच्या वर्गात लाडूवाला करून पाहिला. शाडूचा गोळा घेतला, तोच हात नाकाला लावला आणि लाडू पुढे केला. पहिल्या बाकावरचा मुलगा बाकासकट मागे सरकला. मधल्या सुट्टीत नळावर रांग लागली. साबण मात्र दोन दिवसांत संपला आणि शाळेकडून नवा यायला तीन आठवडे गेले. तोवर रांग मोडली. म्हणून मीही म्हणते, आधी साबण, मग लाडूवाला.

---

भिया_इंदोरी

भारी धागा आहे भिया लोक. मीठ जास्त खाणाऱ्या घरांची यादी मंडळाच्या फळ्यावर लावा, बघा कसे सुधरतात सगळे. कचऱ्याच्या वेळी हेच तर चाललं.

---

लष्करचे_काका

बाळा, हे करू नका. मनापासून सांगतो. उघड्यावर शौचाला जाणाऱ्यांमागे मुलांच्या टोळ्या शिट्ट्या वाजवत फिरायच्या, तो काळ मी पाहिला आहे. आकडे पटापट सुधारले. पण एका गावात एक म्हातारी रात्री अंधारात लांबच्या नाल्याकडे जायला लागली, कारण घरी संडास बांधून झाला होता आणि पाणी नव्हतं. शिट्टीला ते माहीत नव्हतं. ती पडली, खुबा मोडला. लाजेने माणूस सवय सोडत नाही, ती लपवायला शिकतो. फळ्यावर नाव आलं की लोक पुडीवर तारीख खोटी घालतील.

गाडीवाल्या मुलाने डबा परत दिला तेव्हा सासूबाईंच्या ओट्याखाली दुसरा डबा ठेवायची सोय होती. म्हणून ते लागलं नाही.

---

भिया_इंदोरी

काका, समजलं. शब्द मागे घेतो. त्या आजींचं वाचून वाईट वाटलं.

---

खंजिरी

गाडगेबाबांची आठवण झाली. गावात आले की आधी हातात खराटा. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. कीर्तनातही सांगायचं कमी, विचारायचंच जास्त. उत्तर लोकांच्या तोंडून यायचं. आमचे आजोबा अमरावतीकडचे, त्यांनी ऐकलं होतं. ते म्हणायचे, रात्री बाबा "घाण करू नका" म्हणाले नसते तरी चाललं असतं, सकाळी झाडलेली वाट समोर होती.

---

सुदामानगरचा_नवरा

मी इथे फक्त वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. धागाकर्तीच्या मंडळातली एक वाटी आमच्या घरी आहे. ती फडताळात गेली होती, आणि माझ्यामुळे गेली होती. 'अळणी' म्हणणारा मी.

मी मुद्दाम बोलत नव्हतो. ताटावर बसल्यावर सहज निघायचं. बायको काही बोलायची नाही, मीठदाणी पुढे सरकवायची. जानेवारीत ती माहेरी गेली आठ दिवस. मुलांचा स्वयंपाक मी केला. वाटी दिसली, म्हटलं बघू. सकाळी तीन चमचे काढले. पोह्यांतच अर्ध्याहून जास्त गेलं, वरण-भाजीत उरलेलं संपलं आणि संध्याकाळी खिचडी टाकताना वाटी खडखडीत. मी पिशवीत हात घातला. दुसऱ्या दिवशी पोह्यांत जपून टाकलं, वरून लिंबू पिळलं, कोथिंबीर घातली. धाकटी खाऊन म्हणाली, "बाबा, मीठ कमी आहे." हात तिथेच थांबला. दोन तास उभं राहून केलेलं होतं हो.

आता मीठदाणी टेबलावरून काढली आहे. सकाळी वाटी मी भरतो. आणि मीठ मी काढलेलं असल्यामुळे अळणी कोणाला म्हणणार?

---

नारायणबागवाली

दादा, तुमचं लिहिणं आमच्या ग्रुपवर वाचून दाखवलं. दोघी-तिघींचे डोळे भरून आले, त्यात एक तुमच्याच गल्लीतली असावी.

आजच्या बैठकीत ठरलं ते सांगते. वाटी भरायचं काम घरातल्या पुरुषाचं, म्हणजे येत्या संक्रांतीला वाण बायकांना आणि चमचा त्यांच्या यजमानांच्या हातात. विजयनगरकर, तुमचा मुद्दा आणखी दोन शेववाल्यांकडे घेऊन जायचं ठरलंय. तुम्ही बरोबर याल का? दुकानदार पुरुषांशी हिशोबाचं वेगळं बोलतात. डॉक्टरताई, तुमच्या तीन सूचना वाटीच्या बुडाशी चिकटवायला छापायला दिल्या. आणि बीपीचं मशीन आता सभागृहात नाही, दूध केंद्रापाशी असतं, सकाळी साडेसहा ते साडेसात. पिशवी घ्यायला आलेला माणूस पाच मिनिटं बाकावर टेकतो, मग हात पुढे करतो. गेल्या आठवड्यात दोघांना बीपी निघालं. दोघांनाही माहीत नव्हतं.

---

विजयनगरकर

येतो. रविवारी सकाळी चालेल? त्यांचा घाणा दहाच्या आत लागतो, त्याआधी गाठायला हवं.

---

रामबाग_ते_राजवाडा

आईने हिशोब ऐकला, काही बोलली नाही. आज नवी पुडी फोडली तर कोपऱ्यात तिच्या अक्षरात तारीख होती, आजची. माणसं तीन, चमचे दोन. संपली की इथेच लिहितो.